दहापैकी तीन

थ्युबोरोन, ८ सप्टेंबर

रिक्के,

तुझे कार्ड मिळाले. तुझी आई गेली त्याला दोन वर्षे झाली आणि या दोन वर्षांत तुझ्याकडून आलेल्या या पहिल्या तीन ओळी. "आईच्या शेवटच्या आठवड्यात काय झालं ते माझ्या दारात उभं राहून सांग. फोनवर नाही, पत्रात नाही. मी खाली येणार नाही." कार्ड ड्रॉवरमध्ये आईच्या चष्म्याशेजारी ठेवले आहे.

ठीक आहे. हा शब्द तुला आवडत नाही, माहीत आहे. बरे, कळले.

पण बाई, तू राहतेस चौथ्या मजल्यावर आणि तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही. मजल्याला अठरा, म्हणजे बहात्तर पायऱ्या. मला पाठ आहेत, कारण तुझ्या न्हाणीघराच्या लाद्या मीच वर चढवल्या होत्या, एका खेपेला दोन खोकी. तेव्हा गुडघे कुरकुरत होते पण चालत होते. चाळीस वर्षे लोकांच्या घरात गुडघे टेकून फरश्या बसवल्या, आता ते उट्टे काढत आहेत. उजव्यातली गादी झिजून गेली आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचे पुढे पाहू, आधी व्यायाम. मी म्हटले, "जन्मभर उठाबशाच काढल्या की हो." ते म्हणाले, "त्या गुडघ्यांनी काढल्या. आता मांड्यांनी काढा."

तर बंदरावर जिथे पूर्वी मासळीचा लिलाव व्हायचा त्या शेडमध्ये दर मंगळवारी आणि गुरुवारी वर्ग भरतो. आम्ही सहा जण. शिकवणारी आस्टा नावाची मुलगी आहे, एकोणतीस वर्षांची, कोपनहेगनची. ती वाक्य संपवून मगच थांबते, त्यामुळे आम्हाला मधे गप्प राहायला जागाच मिळत नाही. पहिल्या दिवशी तिने हात छातीशी बांधायला लावले आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येते ते मोजले. मी सात वेळा उठलो. बेकरीतली तोवे नऊ वेळा उठली आणि माझ्याकडे बघून काही बोलली नाही, हे त्याहून वाईट.

मग प्रत्येकाला विचारले, तुम्हाला काय करता यायला हवे? पोल एरिकला पुन्हा बोटीवर चढायचे आहे. मी म्हटले, "बहात्तर पायऱ्या."

"कुठल्या?"

"कोपनहेगनच्या. लेकीच्या घराच्या."

तिने कागदावर लिहिले. लेक भेटायला खाली येत नाही का, असे विचारेल म्हणून मी घाबरलो होतो. तिने विचारले नाही.

बाबा


थ्युबोरोन, २५ सप्टेंबर

रिक्के,

उत्तर आले नाही. मी मागितलेही नव्हते.

वर्गाचे सांगतो. एका पायाखाली फडके घ्यायचे, दुसऱ्या पायावर वाकायचे आणि फडक्याचा पाय मागे सरकवायचा. आयुष्यभर ओल्या फडक्याने लाद्या पुसल्या, आता फडके पायाखाली आले एवढाच फरक. समोर मोठा आरसा. गुडघा आत झुकला की आस्टा ओरडते, "गुडघा पावलाच्या रेषेत, क्रेस्टेन! तुम्ही लादी तिरकी बसवली असती का?" ही बरोबर नस सापडली आहे तिला.

तिचा एक नियम आहे. प्रत्येक वर्गात शेवटच्या व्यायामानंतर ती विचारते, किती दुखतंय, शून्य ते दहा? पाचपर्यंत चालते, दुखले म्हणून गुडघा खराब होत नाही. पाचाच्या वर गेले तर थांबायचे, बसायचे, पुढच्या वेळी वजन किंवा उंची कमी करायची. आपण सांगू त्या आकड्यावर तिचे पुढचे सगळे ठरते.

गेल्या गुरुवारी हे विचारणे सुरू झाले तेव्हा तिने पोल एरिकला आधी विचारले. तो म्हणाला, "तीन." पोल एरिकची दोन बोटे दोराच्या रहाटात गेली तेव्हा तो जाळे आत घेऊन मग किनाऱ्याला आला होता. त्याचे तीन झाल्यावर तोवे काय म्हणणार? तीन. मीही तीन. सहाच्या सहा जणांचे तीन. आस्टा खूश झाली, म्हणाली, "छान, मग एक पायरी वाढवू या."

बाहेर आल्यावर मी पोल एरिकला विचारले, "खरंच तीन होते का रे?"

"हे बघ, शून्य म्हटलं तर आलास कशाला असं होतं. चारच्या वर म्हटलं की बोभाटा. उरलं काय?"

तू इथेच वाढलीस, तुला सांगायला नको. वादळात शेजारच्या येप्पेचे छप्पर उडून रस्त्यावर पडले तेव्हा तो आपल्या दारात येऊन म्हणाला होता, "जरा वारा आहे आज." तू आणि तुझी आई किती दिवस हसत होतात. ती फ्युन बेटावरची, तिला आमचे हे कधी जमले नाही. दुखले की दुखले म्हणायची, मोठ्याने.

असो. तिच्याबद्दल पत्रात लिहायचे नाही असे ठरले आहे आपले.

बाबा


थ्युबोरोन, १६ ऑक्टोबर

रिक्के,

मंगळवारी वर्गात फक्त दोघे होतो. बाकीचे चौघे सुजलेले गुडघे घेऊन घरी बसले होते. माझाही उजवा पावासारखा फुगला होता, पण मी गेलो, न जाऊन कसे चालेल. आस्टाने सगळ्यांना फोन केले. आज सहाही जण लंगडत हजर होते आणि ती भिंतीला पाठ लावून उभी होती. हातात आमचे कागद.

"बेचाळीस वेळा तीन," ती म्हणाली. "सहा माणसं, सात दिवस, बेचाळीस वेळा तीन. मी उंची वाढवत गेले, रबराचे पट्टे जाड केले, आणि तुम्ही मला वाढवू दिलंत. मूर्ख मी आहे. असं कुठे असतं का, हे पहिल्या आठवड्यातच विचारायला हवं होतं."

तोवे कॉफी ओतायला उठली, तिला आस्टाने खाली बसवले.

मग तिने चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहायचे नाही, आत्ता या क्षणी बसल्याजागी किती दुखते तेवढाच आकडा. घडी घालून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायची. तिने एकेक उघडून मोठ्याने वाचली. सहा. सात. सहा. आठ. आठ वाचल्यावर पोल एरिक खिडकीकडे बघायला लागला. पाच.

शेवटची चिठ्ठी तिने उघडली आणि थोडा वेळ धरून ठेवली. तीन.

सगळे गेल्यावर तिने मला थांबवले.

"तुमचा आकडा सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेला आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडे ती नाही."

मी म्हटले, "ठीक आहे हो माझं."

"नाव नव्हतं, क्रेस्टेन. कोणाला कळणार नव्हतं. तरी तीन?"

ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती, ते मला जास्त लागले. ती म्हणाली, "तुम्ही खोटा आकडा देता, मी त्याच्यावर विश्वास ठेवून पाऊल टाकते आणि मग ज्याचं नुकसान व्हायचं त्याचं होऊन बसतं. मला परत मागे जाऊन ते दुरुस्त करता येत नाही."

रिक्के, मी गाडीत बसलो आणि तुझा फोन आठवला. आईच्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी तू बॉर्नहोम बेटावरून फोन केला होतास, शाळेच्या मुलांची सहल घेऊन गेली होतीस. तू विचारलेस, "बाबा, खरं सांग, येऊ का? किती दुखतंय तिला, दहात किती?" मी म्हटले, "तीन असेल. मुलांना सोडून येऊ नकोस, ठीक आहे सगळं." सकाळी नर्सने आईच्या कागदावर नऊ लिहिले होते. मी तो कागद समोर धरून तुझ्याशी बोलत होतो.

आई गुरुवारी गेली. तू शुक्रवारी पोहोचलीस.

हे तुला माहीत नव्हते असे नाही. तुला फक्त कागदाचे माहीत नव्हते.

बाबा


थ्युबोरोन, ९ नोव्हेंबर

रिक्के,

तुझे दुसरे कार्ड. ग्रीनलंड! नूकच्या शाळेत नोकरी, सामान नेणारे एकोणीस डिसेंबरला येणार. "त्याआधी आलास तर आहे. नंतर नाही." कागदाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटले होते शिव्या देशील. त्या दिल्या असत्यास तर बरे झाले असते.

आज नऊ तारीख, म्हणजे चाळीस दिवस. इथून नूकला जाणे मला या जन्मी होणार नाही आणि तू परत कधी येशील ते तू लिहिले नाहीस.

आता माझी पंचाईत ऐक. मी आस्टाला खरे आकडे सांगायला लागलो आहे. मंगळवारी पायरीवर चढताना सहा म्हटले. जीभ रेटत नव्हती, पण म्हटले. तिने काय केले माहीत आहे? पायरी काढून टाकली आणि त्याजागी हातभर लांबीची एक बुटकी फळी ठेवली. चार बोटे उंच! मी म्हटले, "अहो, माझ्याकडे चाळीसेक दिवस आहेत, ही काय लहान मुलाची पायरी देता?" ती म्हणाली, "सहा म्हणालात ना? मग ही." खोटे बोलत होतो तेव्हा मोठी पायरी मिळत होती. खरे बोलून मागे आलो. रोज घरी ओट्याला धरून दहा-दहाचे तीन फेरे करतो आणि भिंतीवरचे कॅलेंडर बघतो. एकदा वाटले, तिला तीन सांगावे आणि सुटावे. गुरुवारी तोंडापर्यंत आले होते.

अजून एक. हेही तुला माहीत नाही. मी जूनमध्ये येऊन गेलो. तुझे कार्ड येण्याच्या आधी, न सांगता. सहा तास रेल्वेत बसलो, तुझ्या रस्त्यावर आलो, खालचे दार कोणीतरी उघडे ठेवले होते. अकरा पायऱ्या चढलो आणि गुडघा अडकला. तिथेच कठड्याला धरून वीस मिनिटे उभा होतो. वरून कोणी तरी येत होते, तूच असशील असे वाटले, तर मी काय केले? उतरलो. बसत बसत, कुल्ल्यांवर, लहान मुलासारखा. ती तू नव्हतीस, हिरव्या कोटातली कोणी बाई होती. तिने विचारले, "मदत करू का?" मी म्हटले, "नको नको, ठीक आहे."

स्टेशनवर सॉसेज खाऊन परत आलो.

बाबा


थ्युबोरोन, ४ डिसेंबर

रिक्के,

गावातल्या दुकानासमोरचा तांबडा पोस्टाचा डबा काढून नेला. भिंतीत चार भोके राहिली आहेत आणि ती कोणी बुजवलेली नाहीत, बघून माझा हात शिवशिवतो. नव्या वर्षापासून पोस्ट पत्रे वाटणार नाही म्हणतात. हे पत्र शेजारच्या लेमविगला जाऊन टाकतो.

आज पुन्हा चाचणी झाली. खुर्चीतून बारा वेळा उठलो. बारा! तोवे अकरा. यावेळी मी तिच्याकडे बघून काही बोललो नाही. उंची परत मिळाली आहे, पूर्ण पायरी, आणि आकडा चार. खरा चार. सुताराच्या पेन्सिलीने लिहून दिला.

पण आपल्या गावात जिने कुठे आहेत? सगळे सपाट. म्हणून गेल्या शनिवारी सगळे जण समुद्राच्या बांधावर गेलो, पुळणीवर उतरायच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर. तेवीस आहेत. एकदा चढलो, चार. उतरलो, दुसऱ्यांदा चढलो, पाच. तिसऱ्यांदा मधेच सात झाले. पोल एरिक खालून ओरडला, "चढ की रे, उरल्या किती!" आणि आस्टा वरून ओरडली, "बसा!" मी बसलो. वारा तोंडात वाळू घालत होता. तिसरी चढाई नऊ पायऱ्यांवर थांबली. बेरीज कर: पंचावन्न.

आस्टा माझ्याशेजारी येऊन बसली. "अजून सहा आठवडे मिळाले तर बहात्तर होतील," ती म्हणाली.

"तीनही उरले नाहीत."

"मग प्रत्येक मजल्यावर बसा. आणि सात झालं की चढू नका, कितीही कमी उरल्या असल्या तरी. गुडघा तिथे अडकला तर खाली आणायला माणसं लागतील." मग ती म्हणाली, "तिला खाली यायला सांगा ना."

"ती येणार नाही म्हणाली आहे."

"तुम्ही विचारलंय का?"

मी तिला म्हटले, तुम्ही कोपनहेगनची माणसे फार बोलता. ती हसली नाही.

मी विचारलेले नाही, रिक्के. आताही विचारत नाही. न येण्याचा तुझा अधिकार आहे. मी अठरा तारखेला येतो. दुपारी दोनच्या सुमारास. दारात उभा राहून सांगेन. माझ्या पायांवर.

भीती वाटते. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवला होता आणि पुन्हा उचलला. खोडले नाही.

बाबा


कोपनहेगन, १८ डिसेंबर, तुझ्याच जिन्यात, तिसरा मजला

रिक्के,

मी तुझ्या खाली एका मजल्यावर बसलो आहे. चोपन्न पायऱ्या झाल्या. पहिल्या मजल्यावर तीन होते, दुसऱ्यावर पाच. इथे पोहोचलो तेव्हा उजवा पाय कापायला लागला. जिन्याचे लिनोलियम नवे घातले आहे, कडांना नीट चिकटवलेले नाही, वर-खाली करताना जपून.

हिरव्या कोटातली बाई इथेच राहते. दारावर होल्मगोर नाव आहे. तिने दार उघडले आणि मला ओळखले. म्हणाली, "तुम्ही जूनमधले ना? बरं वाटत नाहीये का?"

मी म्हटले, "ठीक..." आणि मग म्हटले, "नाही. दुखतंय. खूप दुखतंय."

तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून दिली. आस्टाच्या खुर्चीपेक्षा दोन बोटे बुटकी आहे, यातून एकदा उठलो तरी पुष्कळ. कागदही तिचाच. हे ती तुझ्या दारातल्या फटीतून आत टाकेल. तू पत्रात नको म्हणाली होतीस. पण तोंडाने सांगायला गेलो की माझ्या तोंडून तीनच निघते, आणि आज मला ती जोखीम घ्यायची नाही. म्हणून आधी लिहितो. वाचून मग काय ते ठरव.

सोमवारी फोन ठेवल्यावर आईने विचारले, "रिक्के येतेय ना?" मी म्हटले, "निघाली आहे."

तुला सांगितले येऊ नकोस, तिला सांगितले तू निघालीस. दोघींना खोटे बोललो, एकाच तासात.

मंगळवारी तिने विचारले, "अजून कशी आली नाही?" मी म्हटले, बॉर्नहोमची फेरीबोट वाऱ्यामुळे थांबली आहे. वारा नव्हता, रिक्के. खिडकीतून झाडाचे पान हललेले दिसत नव्हते आणि ती तिकडेच बघत होती. बुधवारी तिने मला खाट वळवायला लावली, दार समोर दिसेल अशी. तुझ्यासाठी खुर्ची जवळ ओढायला लावली. मी वळवली. मी ओढली. तेव्हाही फोन करता आला असता. तू रात्रीपर्यंत पोहोचली असतीस. मी विचार केला, आता फोन केला तर सोमवारचे खोटे उघडे पडेल. एवढाच विचार केला.

तू विचारशील, ती तुझ्याबद्दल शेवटी काय बोलली. गुरुवारी पहाटे म्हणाली, "तिला रागावू नकोस, वाऱ्याला ती काय करणार."

तू आली नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावेन असे तिला वाटत होते. मी तिला खरे सांगितले नाही. तेव्हाही नाही. तिचा हात धरून "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत राहिलो.

हे मी कोणालाही सांगितलेले नाही. माझी चूक लहान करायला मला काही सुचत नाही. मला लाज वाटते आणि तुझी आठवण येते, दोन्ही रोज.

आता राहिल्या अठरा. दात खाऊन त्या चढता येतील असे मला वाटते, आणि तुझ्या दारात उभा राहून तू विचारलेस तर मी तीन म्हणेन हेही मला माहीत आहे. नियम असा आहे की पाचाच्या वर गेले की थांबायचे.

गुडघा सात आहे. सात.

तू खाली येशील का?

बाबा